सेवेचा दुसरा हात

अमेरिकेतल्या चर्चचा तरुण संघ उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर परगावी मुक्काम ठोकतो आणि तिथल्या एखाद्या अनोळखी कुटुंबाचे घर दुरुस्त करून, रंगवून परत येतो. या उपक्रमाला तिकडे 'मिशन ट्रिप' म्हणतात. संघातली मुले साधारण चौदा ते अठरा वर्षांची असतात. या वयाच्या मुलाला स्वतःची खोली आवरायला लावणे किती अवघड असते, हे कुठल्याही देशातल्या आईला विचारावे. तोच मुलगा दहा-बारा तासांचा प्रवास करून, वर पैसे भरून, दुसऱ्याच्या घराचे पोपडे खरवडायला हौसेने जातो. कारण सरळ आहे. परगावच्या भिंतीपाशी मित्रमैत्रिणी असतात, घरच्या खोलीत नुसता पसारा.

जूनपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत या सहलींचा हंगाम असतो. रविवारी संध्याकाळी पोहोचायचे, सोमवार ते शुक्रवार काम करायचे, शनिवारी सकाळी गाशा गुंडाळायचा, हा रूढ क्रम. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, लुथरन, बॅप्टिस्ट, कॅथलिक असे सगळेच यात आहेत. बाप्तिस्मा कोणत्या वयात आणि किती पाण्यात द्यावा, यावर या पंथांचे शतकानुशतके जमलेले नाही. ब्रश मात्र डब्यात दांड्यापर्यंत बुडवावा, यावर त्यांच्या तरुण संघांत कुठलाच मतभेद आढळत नाही.

परगावी जाऊन श्रमदान करण्याची आधुनिक पद्धत युरोपातून आली. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेझोल या स्विस शांततावाद्याने फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात शिबिर भरवले आणि कालपरवापर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतल्या तरुणांना एकत्र फावडी धरायला लावली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेझोल सहकाऱ्यांना घेऊन भारतात आले आणि पडलेली खेडी उभारायला लागले. अमेरिकेतल्या चर्चांनी पुढे या शिबिरात गिटार, टी-शर्ट आणि शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच यांची भर घातली.

देशांतर्गत सेवासहलींचे माहेरघर म्हणजे अ‍ॅपलेशिया. पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य कोपरा आणि पूर्व टेनेसी हा त्या डोंगरपट्ट्याचा गाभा. या डोंगरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोळसा निघाला. मग यंत्रे आली, खाणी मिटल्या, कोळशाबरोबर पैसाही निघून गेला आणि माणसे तेवढी राहिली. एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन केंटकीतल्या मार्टिन परगण्यात एका बेरोजगार माणसाच्या पडवीत जाऊन बसले. गरिबीविरुद्ध युद्ध त्यांनी त्याच वर्षी पुकारले होते. त्या पडवीतली छायाचित्रे देशभर झळकली, आणि धर्मादाय अमेरिकेला आपल्या घरातच एक दूरदेश आहे हा शोध लागला.

१९६९ मध्ये ग्लेन 'टेक्स' इव्हान्स या मेथडिस्ट पाळकाने सुमारे पन्नास मुले आणि मोठी माणसे गोळा केली आणि केंटकीतल्या बार्बरव्हिल गावात चार घरांची डागडुजी केली. त्यातून 'अ‍ॅपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट' ही संस्था उभी राहिली. घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडे करायचे, एवढेच तिचे उद्दिष्ट. ते घर सुंदर करण्याबद्दल संस्था काही बोलत नाही. अनुभवी संस्था नेहमी पेलवेल तेवढेच बोलते. पुढे कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन दरीत १९७६ साली पूर आला, तिथल्या मदतीसाठी दुसऱ्या वर्षी चर्चची मुले जमली आणि आणखी एका मोठ्या शिबिरमालिकेचा पाया पडला. योगायोग असा की भारतातली राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ चीच, २४ सप्टेंबरची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली; सुरुवातीला ती ३७ विद्यापीठांत होती. महाराष्ट्रातल्या ज्यांनी 'एनएसएस'च्या सात दिवसांच्या शिबिरात शोषखड्डा खणला आहे आणि रात्री शेकोटीभोवती अंताक्षरी खेळली आहे, त्यांना पुढचे बरेचसे वर्णन ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की तिकडे अंताक्षरीच्या जागी भक्तिगीते असतात आणि हजेरीपटावर गुण मिळत नाहीत.

सहलीची सुरुवात पैशापासून होते. माणशी काहीशे डॉलर खर्च येतो. त्यात जेवणखाण, प्रवास आणि घरासाठी लागणारे सामान धरलेले असते. हा पैसा आईवडिलांच्या खिशातून थेट काढणे गैर मानले जाते. तो आडमार्गाने काढावा लागतो. चर्चच्या आवारात गाड्या धुतल्या जातात. स्पॅगेटीचे रात्रीचे जेवण ठेवले जाते, त्यात स्पॅगेटी आईवडीलच उकळतात आणि तिकीट काढून तेच खातात. सहलीचे 'शेअर' विकले जातात. भागधारकाला लाभांश म्हणून परतल्यावर एक छापील पत्र आणि छायाचित्रांचा कार्यक्रम मिळतो.

सर्वात सर्जनशील मार्ग मात्र फ्लेमिंगोचा. हिरवळीत रोवायचा गुलाबी प्लास्टिकचा फ्लेमिंगो डॉन फेदरस्टोन या शिल्पकाराने १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यासाठी घडवला. तो अमेरिकी अभिरुचीचा मानबिंदू की कलंक, हा वाद तिकडे अजून मिटलेला नाही. तरुण संघ असे वीस-पंचवीस पक्षी जमवतो आणि मंडळीतल्या एखाद्या सभ्य गृहस्थाच्या अंगणात रात्री गुपचूप रोवून येतो. सकाळी दाराला चिठ्ठी असते. पक्षी हलवून हवे असतील तर अमुक डॉलर. पुढे ते कोणाच्या अंगणात पाठवायचे हे सुचवायचे असेल तर थोडे जास्त. आपल्या अंगणात ते कधीच उतरू नयेत असे वाटत असेल तर आगाऊ विम्याची सोय आहे. कायद्याच्या पुस्तकात या व्यवहाराचे नाव खंडणी आहे. चर्चच्या वार्षिक अहवालात तो निधिसंकलन या सदराखाली येतो. ठाण्याच्या खाडीवर दरवर्षी येणारे रोहित पक्षी स्वतःहून येतात आणि स्वतःहून जातात. हे मात्र पैसे मोजल्याशिवाय हलत नाहीत.

पैसे जमले की कागद सुरू होतात. पालकांचे संमतिपत्र, औषधोपचाराचे अधिकारपत्र, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत आणि कोणाला मधमाशी चालत नाही याची यादी. कोणतेही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर राहू नये, दोन मोठी माणसे हवीतच, हा नियम आता बहुतेक चर्चांत पाळला जातो आणि तो योग्यच आहे. शिवाय हत्यारांची यादी असते. प्रत्येक मूल नवाकोरा हातोडा, नवी टेप आणि चामड्याचा नवा कमरपट्टा घेऊन येते. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या दप्तरासारखा तो पट्टा सोमवारी सकाळी करकरीत असतो, आणि शुक्रवारपर्यंत त्याच्या खिशांत चॉकलेटचे कागद, एक मोजा आणि कोणाचा तरी चष्मा निघतो. हातोडा निघत नाही. तो गवतात असतो.

मुक्काम शाळेत. उन्हाळ्यात शाळा रिकाम्याच असतात. मुलगे एका वर्गात, मुली दुसऱ्या वर्गात, मोठी माणसे दाराशी. झोपण्यासाठी हवेची गादी आणलेली असते. रात्री अकराला ती गादी असते, पहाटे तीनला चादर. अंघोळीच्या रांगेला वेळेचे बंधन असते. मोबाइल फोन बऱ्याच ठिकाणी पहिल्याच रात्री टोपलीत गोळा करतात, आणि या एका त्यागापुढे बाकीचे श्रम मुलांना किरकोळ वाटतात.

सोमवारी सकाळी तुकड्या पडतात. एका तुकडीत पाच-सहा मुले, दोन मोठी माणसे. तुकडीला काम समजावून देतो तो संस्थेचा उन्हाळी कार्यकर्ता. त्याचे वय एकोणीस-वीस, तो महाविद्यालयात इतिहास किंवा संगीत शिकत असतो आणि त्याने उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असते. त्या काही दिवसांच्या बळावर तो पाच-सहा घरांचा मुकादम होतो. मोठ्या माणसांपैकी एक सहसा निवृत्त हिशेबनीस असतो. त्याला सुतारकाम येत नाही, पण त्याने त्यावरचे व्हिडिओ पाहिलेले असतात. दुसऱ्या असतात कोणाच्या तरी आई. त्यांनाही सुतारकाम येत नाही, पण त्या ते कबूल करतात आणि त्यामुळे अर्ध्या तासात सगळा कारभार त्यांच्याकडे जातो. खरा सुतार तुकडीत क्वचितच सापडतो. सापडला, तर त्याची अवस्था गाण्याच्या बैठकीत सुरात ऐकू येणाऱ्या एकुलत्या एक माणसाची होते.

मुलांचीही प्रतवारी लगेच लागते. एक मुलगी असते, तिला ड्रिल इतके चांगले चालवता येते की बाकीच्यांना आपले हातोडे लपवावेसे वाटतात. एक मुलगा प्रत्येक वस्तू आणायला जायला तयार असतो आणि ती घेऊन परत येत नाही. एक जण फक्त धरतो. फळी धरतो, शिडी धरतो, टेपचे टोक धरतो. काही धरायला नसले तर कठडा धरून उभा राहतो. अमेरिकेच्या कामगार कायद्याने अठरा वर्षांखालच्या कामगाराला छपरावरचे काम आणि गोल करवत वर्ज्य आहे. ही मुले कामगार नसली, तरी अनेक संस्था तोच दंडक लावतात. त्यामुळे करवत हिशेबनिसाच्या हाती जाते. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सुधारणा मानली जाते. हिशेबनिसाच्या बोटांचा विचार नियमात केलेला नाही.

घरे बहुधा दोन प्रकारची असतात. एक, खाणीच्या काळातली लाकडी घरे, आडव्या फळ्यांच्या भिंतींची. दुसरी, ट्रेलर, म्हणजे कारखान्यात बनवून चाकांवर आणलेली आणि मग तिथेच रुजलेली लांबट घरे. ट्रेलरचे दुखणे न्हाणीघरापासून सुरू होते. नळ वर्षानुवर्षे थेंब थेंब गळतो, खालची भुश्शाची फळी पाणी पिऊन फुगते आणि एके दिवशी जमीन पावाच्या लादीसारखी दबू लागते. अशी जमीन उखडून नवे प्लायवुड टाकणे हे सेवासहलीतले खरे मोलाचे काम. ते फोटोत चांगले येत नाही. म्हणून मुलांना ते आवडत नाही, आणि घरातल्या माणसाला सर्वात जास्त तेच हवे असते.

सुतारकामातला पहिला धक्का लाकडाच्या मापाचा. अमेरिकेत घरबांधणीचे मूळ लाकूड 'दोन बाय चार' म्हणून विकले जाते. ते प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते. रंधून आणि वाळवून ते तेवढे उरते आणि हे तिथल्या प्रत्येक गवंड्यासुताराला पाठ असते. तरुण संघाला ते सोमवारी दुपारी जेवणानंतर कळते, तोवर सकाळचे सगळे माप त्या अर्ध्या अर्ध्या इंचाने चुकलेले असते. मग पाणसळ काढली जाते. पाणसळीतला बुडबुडा मधोमध नाही असे दिसते. ती उलटी करून पाहिली जाते. तरी नाही. शेवटी घरच मुळात वाकडे आहे, या निष्कर्षावर एकमत होते. डोंगरातल्या जुन्या घरांच्या बाबतीत हा निष्कर्ष बऱ्याचदा खराही असतो, आणि एवढ्याच कारणाने अनेक तुकड्यांची अब्रू वाचली आहे.

उताराची कथा याहून लांबलचक आहे. घरातल्या वृद्ध माणसाला चाकांची खुर्ची लागते, म्हणून पायऱ्यांच्या जागी उतार बांधायचा. अमेरिकी मानकाप्रमाणे एक इंच उंचीला निदान एक फूट लांबी हवी. पडवी जमिनीपासून तीस इंच उंच असेल तर उतार तीस फूट लांब होतो, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. हे गणित सातवीचे आहे. तुकडी ते कागदावर बिनचूक सोडवते, मग अंगण मोजते. अंगण बावीस फूट असते. पलीकडे ओढा असतो. आता उताराला मध्येच वळण द्यावे लागते, वळणाला आणखी एक सपाट ओटा लागतो, ओट्याला चार खांब, खांबांना चार खड्डे, आणि डोंगरात दीड फुटाखाली खडक. मंगळवारची दुपार, बुधवारची सकाळ आणि हिशेबनिसाची कंबर या चार खड्ड्यांत जाते. तयार झालेला उतार मात्र पक्का असतो. गरजेपेक्षा तिप्पट स्क्रू ठोकलेले असल्याने तो घरापेक्षा जास्त टिकण्याची शक्यता असते.

रंगकाम मात्र सर्वांना येते असे सर्वांना वाटते. म्हणूनच सेवासहलीत ते सर्वात जास्त होते आणि सर्वात जास्त बिघडते. क्रम असा: भिंत धुणे, सुटे पोपडे खरवडणे, काचपेपर मारणे, फटी आणि खिळ्यांची भोके लांबीने भरणे, अस्तर, मग रंगाचे दोन हात. कुठलाही रंगारी सांगेल की यातला रंग हा शेवटचा आणि सोपा भाग आहे. पैसे तो खरवडण्याचे घेतो. तरुण संघाचा ओढा मात्र डब्याचे झाकण उघडण्याकडे असतो. इथे एक गोष्ट थट्टेची नाही. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घराचे पोपडे खरवडले तर शिशाची धूळ उडते आणि लहान मुलांना ती फार घातक असते. म्हणून जबाबदार संस्था आधी चाचणी करतात, शिसे निघाले तर ते काम मुलांना देत नाहीत. खरवडायला मिळाले नाही म्हणून मुलांना दुःख झाल्याचे आढळत नाही.

एका गॅलनमध्ये, म्हणजे पावणेचार लिटरांत, साडेतीनशे ते चारशे चौरस फूट भिंत रंगते असे डब्यावर लिहिलेले असते. हा हिशेब फक्त भिंतीचा आहे. तरुण संघाच्या बाबतीत त्यात गवत, शिडी, दोन सॅक, व्हॅनच्या दाराची कडी आणि घरच्या कुत्र्याची डावी बाजू धरावी लागते. रोलर सगळ्यांना हवा असतो. चौकटीच्या कडा बारीक ब्रशने काढायचे काम कोणालाच नको असते. ते शेवटी जिच्याकडे ड्रिल होते तिच्याकडेच येते. खिडकी रंगवताना तावदानाची चौकट आणि भिंतीची चौकट यांच्यामधल्या फटीवरून जो सफाईने ब्रश फिरवतो, त्याची सगळे तारीफ करतात. दुसऱ्या दिवशी ती खिडकी उघडत नाही. ती पुढेही उघडत नाही. चाकूने फट चिरेपर्यंत ती भिंतीचाच एक भाग होऊन राहते. पडवीची जमीन रंगवण्याचे शास्त्रही वेगळे आहे. दारापासून सुरुवात करून पायऱ्यांकडे मागे मागे यायचे असते. पायऱ्यांपासून सुरुवात केली की रंगवणारे दारापाशी पोहोचतात, दार उघडून आत जातात, आणि तिथे घरमालकाच्या कोचावर बसून चार तास टीव्ही पाहतात. सेवासहलीत घरमालकाशी संवाद वाढावा असे जे म्हटले जाते, त्याला या पद्धतीने बराच हातभार लागतो.

बुधवारी दुपारी रंग अंगाला लागतो. आधी चुकून, नंतर उत्तरादाखल. त्याला बंदी असते आणि ती दरवर्षी मोडली जाते. पाण्यात मिसळणारा रंग तासाभरात हाताला सुकतो, पण दुसरा हात मारायला सुमारे चार तास थांबावे लागते. अ‍ॅपलेशियाच्या डोंगरांत उन्हाळ्यात दुपारी तीन-चारच्या सुमारास ढग भरून येतात. पहिला हात दहाला सुरू झाला असेल तर दुसऱ्याची वेळ आणि वळिवाची वेळ हटकून एक येते.

या सगळ्यात घरमालक काय करतो, याकडे सहलींवर लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तो, किंवा बहुधा ती, पडवीतल्या खुर्चीत बसून असते. तिचा नवरा खाणीत होता, मुलगा ओहायोत कारखान्यात गेला, दम्यासारखी धाप घराण्यात आहे आणि तिला कोळशाच्या धुळीचे नाव आहे. हे ती हळूहळू सांगते, आणि मुले पहिल्यांदाच हातातले काम थांबवून ऐकतात. मुलांनी विचारलेले असते, "मॅम, रंग कुठला हवा?" तिने फिकट पिवळा सांगितलेला असतो. देणगीत मिळालेला रंग हिरवट करडा असतो. ती म्हणते, हाही छान आहे. फोटोसाठी ती दर आठवड्याला नव्या घोळक्याबरोबर उभी राहते, दर आठवड्याला त्याच गोष्टी नव्या उत्साहाने सांगते, वाकडी फळी पाहून काही बोलत नाही आणि शुक्रवारी प्रत्येकाला मिठी मारून रडते. पाच दिवस अनोळखी मुलांच्या हाती स्वतःचे घर सोपवून धीराने बसणे, हे या उपक्रमातले सर्वात अवघड काम आहे आणि त्यासाठी कोणी टी-शर्ट छापत नाही. सेवा कोण करतो आणि घेतो कोण, याचा ताळेबंद हिशेबनिसाने मांडून पाहिला तर त्याला जमेची बाजू कुठे लिहावी ते कळणार नाही.

रोज रात्री उपासना असते. गिटार असते, दिवसभरात देव कुठे दिसला हे एकेकाने सांगायचे असते. सोमवारी उत्तरे मोघम असतात. मंगळवारी एखाद्याला तो ओढ्यात दिसतो. बुधवारी मुलांना तो त्या पडवीतल्या बाईंमध्ये दिसू लागतो, आणि हे उत्तर मनापासून असते. गुरुवारी रात्री एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला जातो: काम महत्त्वाचे नाही, नाती महत्त्वाची. हा सिद्धांत बरोबर आहे. फक्त तो सोमवारी सकाळी कधीच ऐकू येत नाही. उतार अर्धा राहिला आहे आणि उद्या दुपारी चारला हत्यारे जमा करायची आहेत, हे कळल्यावरच तो सुचतो.

यावरची टीका बाहेरच्यांनी कमी आणि घरच्यांनी जास्त केली आहे. १९६८ मध्ये इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच भाषण केले आणि त्यांना सांगितले की पाहायला या, शिकायला या, हवे तर डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. सेवासहलींच्या तयारीत ते भाषण आजही वाचायला दिले जाते. विद्यार्थी ते वाचतात, अस्वस्थ होतात, त्यावर गटचर्चा करतात आणि बॅगा भरतात. चक्रीवादळ मिचनंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा अभ्यास कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर अमेरिकी पथकाचा प्रवासखर्च धरून एका घरामागे सुमारे तीस हजार डॉलर जात होते. स्थानिक संस्था तसेच घर दोन हजार डॉलरांत बांधत होती. परतल्यावर आपण जास्त दान देऊ लागलो असे स्वयंसेवक सांगत, पण नोंदी पाहता फरक फारसा पडलेला नव्हता. २००८ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने याच विषयावर लिहिताना मेक्सिकोतल्या एका चर्चचे उदाहरण दिले: एका उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या पथकांनी ते सहा वेळा रंगवले. रंगारी दोन हातांवर थांबतो. तिथल्या पाळकाने पाचव्या पथकालाही चहापाणी केले असणार आणि भिंत दाखवून 'बरे झाले तुम्ही आलात' म्हटले असणार; पाहुण्याला काम नाही असे सांगणे कोणत्याच देशात शिष्टाचाराला धरून नसते.

अ‍ॅपलेशियातल्या घरांना हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही. अंतर कमी, विमान नाही, आणि घरे खरोखर गळतात. घरे निवडायला स्थानिक कार्यालय असेल, एकाच घरावर ओळीने अनेक आठवडे काम होत असेल आणि वर्षभर राहणारा कोणी जाणकार देखरेख करत असेल, तर हंगामाच्या शेवटी छप्पर गळायचे थांबते. ते कोणत्या आठवड्यात थांबले आणि कोणाच्या हातून, हे सांगता येत नाही.

परतल्यावरच्या रविवारी उपासनेत अहवाल सादर होतो. मुले एकसारखे टी-शर्ट घालून पुढे उभी राहतात. पडद्यावर फोटो सरकतात: रंग माखलेले चेहरे, उतारावरून पहिल्यांदा खाली येणारी चाकांची खुर्ची, पुन्हा रंग माखलेले चेहरे. प्रत्येक जण माइक घेऊन सांगतो की द्यायला गेलो होतो, उलट आम्हालाच खूप मिळाले. हे वाक्य महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जातल्या निबंधातही जाते, आणि प्रवेश अधिकारी ते इतक्या वेळा वाचतात की ते पाहिल्यावर त्यांचा हात आपोआप पुढच्या अर्जाकडे वळतो. आई टी-शर्ट धुते. रंग जात नाही. खोली अजून तशीच असते.

दरम्यान घरावरचे काम थांबत नाही. शुक्रवारी निघताना तुकडीने पुढच्या तुकडीसाठी कागद भरायचा असतो: काय झाले, काय राहिले, सामान किती उरले. 'काय झाले' या रकान्यात अक्षर मोठे असते. 'काय राहिले' मध्ये बारीक. उरलेला रंग डब्यात घट्ट बंद करून न्हाणीघराच्या नव्या जमिनीवर रचून ठेवतात, कारण ओला रंग कचऱ्यात टाकता येत नाही. टाकायचाच तर त्यात मांजरीच्या संडासाची माती मिसळून आधी वाळवावा लागतो. रविवारी रात्री दुसऱ्या गावचा, दुसऱ्या पंथाचा तरुण संघ शाळेत उतरतो. सोमवारी सकाळी तो घरापाशी येतो, कागद वाचतो, उताराच्या कठड्यावर पाणसळ ठेवतो, आणि पहिला तास आधीच्यांचे स्क्रू काढण्यात घालवतो.